वास घरात, ओल जोत्याखाली

महालक्ष्म्यांच्या सणाला माहेरी आलेली लेक उंबरठा ओलांडताच विचारते, ‘घरात कसला वास येतोय?’ घरच्यांना मात्र काहीच जाणवत नाही. सतत येणाऱ्या वासाला नाक लवकर सरावते, म्हणून घराचा कुबट वास आधी पाहुण्याला कळतो. मग कपाटात डांबरगोळ्या पडतात, उदबत्ती लागते, दिवाळीला भिंतींना रंग दिला जातो. होळीपर्यंत त्या रंगाचे पापुद्रे सुटू लागतात आणि पुढच्या पावसाळ्यात वास परत हजर होतो. कारण अनेकदा वासाचे मूळ खोलीत नसतेच, ते जोत्याखाली असते.

अर्धापूरचा परिसर केळीचा. इथली काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि पैनगंगेवरील इसापूर धरणाच्या कालव्याचे पाणी पावसाळ्यानंतरही शिवारात फिरते. केळीला जे मानवते, ते घराच्या पायाला मानवत नाही. काळ्या मातीतील बारीक चिकणकण पाणी पिऊन फुगतात आणि उन्हाळ्यात आक्रसतात, त्यामुळे जमिनीला भेगा पडतात. मृगाचे पहिले पाणी या भेगांतून थेट पायाशी उतरते. नंतर माती फुगून भेगा मिटतात, पण आत गेलेले पाणी लवकर निचरत नाही.

दिव्याची वात जसे तेल वर ओढते, तसे विटा आणि गिलाव्यातील सूक्ष्म छिद्रे हे पाणी वर ओढतात. साधारणपणे तीन फुटांपर्यंत ओल चढते. पाण्याबरोबर जमिनीतले क्षारही येतात. पाणी हवेत उडून जाते आणि क्षार भिंतीवर पांढऱ्या भुकटीसारखे उरतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला असे म्हणतो.

ओल जुन्या घरांतही होती. पण मातीच्या भिंती आणि शेणाने सारवलेली जमीन ती बाहेर सोडत असे. आता खाली टाइल्स, भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ऑइलपेंट असतो. वाट बंद झालेली ओल रंगामागे साचते किंवा आणखी वर चढते. भिंतीला टेकलेले लाकडी कपाट, गाद्यांची चळत, धान्याची पोती यांच्या मागे हवा खेळत नाही. तिथे बुरशीला हवे ते सगळे मिळते.

कुबट वास म्हणजे ही बुरशी आणि तिच्यासोबत वाढणारे जिवाणू हवेत सोडत असलेली रसायने. त्यातले एक ओळखीचे आहे. पहिल्या पावसात जो मृद्गंध दरवळतो, त्यातील जिओस्मिन हे द्रव्य मातीतील जिवाणू तयार करतात. १९६५ मध्ये संशोधकांनी त्याला हे नाव दिले. लिटरभर पाण्यात ते काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश, असले तरी माणसाच्या नाकाला कळते. अंगणात सुखावणारा हा वास बंद खोलीत आला, तर तो ओलीची वर्दी समजावा.

हा वास म्हणजे विष नव्हे, पण दुर्लक्ष करण्याजोगाही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशीबाबत मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. अशा घरांत राहणाऱ्यांमध्ये खोकला, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आणि दमा यांचे प्रमाण अधिक आढळते, असे त्यात नमूद आहे. लहान मूल रात्री सारखे खोकत असेल, सकाळी शिंकांची सर येत असेल आणि घराबाहेर गेल्यावर आराम पडत असेल, तर डॉक्टरांना घरातील ओलीबद्दलही आवर्जून सांगावे. अशा घरात दिवसभर उदबत्ती जाळली, तर श्वासाला धुराचा त्रास आणखी वाढतो.

ओल खालून येते की हवेतून, हे घरीच तपासता येते. दीड फुटाचा चौकोनी प्लास्टिकचा तुकडा कोरड्या फरशीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि दिवसभर तसाच राहू द्यावा. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब दिसले, तर ओल जमिनीतून येते. वरच्या बाजूला दिसले, तर खोलीतील हवाच दमट आहे. सडक्या अंड्यासारखा वास असेल, तर आधी न्हाणीचे गटार तपासावे.

उपाय बाहेरून सुरू करावा. पागोळ्यांचे, न्हाणीचे आणि भांडी घासण्याचे पाणी भिंतीपासून दूर न्यावे. घराभोवती अडीच-तीन फूट फरसबंदी करून तिचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवावा. हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णीने शोषखड्डे घेऊन गावातील सांडपाणी आणि डास आटोक्यात आणले. हा उपाय चांगलाच आहे, मात्र खड्डा भिंतीला लागून नको. काळ्या मातीत पाणी सावकाश मुरते, त्यामुळे ते पायाकडे वळू शकते. नवे घर बांधताना पायातील काळी माती काढून मुरूम भरावा आणि जोत्यावर डीपीसीचा थर चुकवू नये. बांधकामात हा खर्च किरकोळ असतो, घर उभे राहिल्यावर तेच काम महाग पडते.

आतली बुरशी कोरड्या झाडूने झटकू नये, तिचे बीजकण घरभर उडतात. नाकातोंडाला फडके बांधून ती साबणाच्या पाण्याने पुसावी आणि जागा कोरडी करावी. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे घ्यावे.

राहिला रंगाचा मुहूर्त. पावसाळा संपताच भिंतीत वर्षातली सर्वांत जास्त ओल असते आणि नेमका तेव्हाच, दिवाळीसाठी, तिच्यावर रंग चढतो. त्याऐवजी चैत्र-वैशाखात खराब गिलावा खरवडून भिंत पूर्ण सुकू द्यावी आणि मग ओल बाहेर सोडणारा चुना लावावा. पुढच्या महालक्ष्म्यांना लेक पुन्हा माहेरी येईल, तेव्हा उपाय लागू पडला की नाही हे तिच्या नाकालाच विचारावे.