पाव सेकंदाची गोष्ट

आईच्या नाहीतर बाबांच्या फोनवर तुम्ही गाणी ऐकता ना? नाव टाकायचं, बोट लावायचं, की गाणं सुरू! परवा चौथीच्या वर्गात मी मुलांना माझ्या लहानपणच्या कॅसेटबद्दल सांगत होते. त्यातलं पाचवं गाणं ऐकायचं तर फीत पुढे पळवावी लागायची. फीत बाहेर आली, तर पेन्सिल घालून गुंडाळत बसायचं! मुलं खूप हसली. मग गणेश उठून म्हणाला, "बाई, पण आता गाणं इतक्या लगेच येतं कुठून? आईच्या फोनमध्ये तर ते नसतंच!"

आहे की नाही नेमका प्रश्न? "उद्या सांगते," असं म्हणून मी वेळ मारून नेली आणि घरी जाऊन वाचत बसले. तेव्हा सापडली ती ही गोष्ट.

गोष्ट आहे युरोपातल्या स्वीडन देशाची. तिथे साल २००० च्या सुमारास इंटरनेटवरून गाणी चोरून उतरवून घ्यायची जणू साथच आली होती. आपल्याकडेही नंतर तेच झालं. मोबाईलच्या दुकानात थोडेसे पैसे दिले, की मेमरी कार्डात शेकडो गाणी भरून मिळत. पालकांना आठवत असेल! त्यातला एक पैसाही गायकाकडे किंवा वादकांकडे जात नसे. कायदे होते, खटलेही झाले, पण लोक काही थांबेनात.

स्टॉकहोम शहरात डॅनियल एक नावाचा तेवीस वर्षांचा तरुण होता. त्याने विचार केला, की लोक चोरी करतात ते ती सोपी आहे म्हणून. तिच्याहूनही सोपं असं काही दिलं तर? मार्टिन लोरेंट्झोन या जोडीदाराला घेऊन त्याने २००६ साली स्पॉटिफाय ही कंपनी काढली. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये युरोपातल्या काही देशांत ती सुरू झाली. आपल्या भारतात यायला तिला २०१९ साल उजाडलं.

आता 'सोपं' म्हणजे काय? तर गाणं चोरून उतरवायला काही मिनिटं लागत, आणि यांना ते बोट लावताक्षणी वाजायला हवं होतं. तेव्हाचं इंटरनेट तर बैलगाडीच्या चालीचं! मग त्यांनी एक युक्ती काढली. समजा, आईला अचानक वाटीभर साखर हवी आहे. ती काय करते? आधी आपलाच डबा बघते, मग शेजारच्या काकूंकडे विचारते, आणि अगदीच नड असली तर दुकानात पळते. तसंच इथे. एकदा ऐकलेलं गाणं तुमच्याच संगणकात साठून राही. ते नसलं, तर ज्यांनी ते नुकतंच ऐकलंय अशा इतरांच्या संगणकांतून त्याचे तुकडे येत. सुरुवातीचा तुकडा मात्र कंपनी स्वतः झटकन पाठवी. बाकीचे तुकडे येईपर्यंत गाणं सुरू झालेलं असे!

तिथल्या अभियंत्यांनी २०१० साली याचे आकडे छापले. शंभरातला पंचावन्न भाग आपल्याच डब्यातून, छत्तीस शेजाऱ्यांकडून, आणि दुकानातून जेमतेम नऊ. निम्म्या वेळा तरी गाणं २६५ मिलिसेकंदांच्या आत सुरू होई. म्हणजे साधारण पाव सेकंद. पापणी लवते ना, तेवढ्यात! पुढे कंपनीचे स्वतःचे संगणक पुरेसे झाले, तेव्हा २०१४ मध्ये ही शेजाऱ्यांची उसनवारी बंद झाली.

पण नुसतं लगेच वाजून भागत नाही. कोट्यवधी गाणी समोर आली, की ऐकायचं काय हाच प्रश्न पडतो. म्हणून २०१५ पासून दर सोमवारी प्रत्येकाला तीस गाण्यांची वेगळी यादी मिळू लागली. ती करतात कशी? गणेशला तीन गाणी आवडतात. सायलीला तीच तीन आणि वर चौथं एक आवडतं. मग ते चौथं गणेशलाही आवडेल, असा अंदाज. आपल्या वर्गात दोघांचा, तिथे कोट्यवधी लोकांचा!

यात एक गंमत झाली, बरं का. यादीत सगळी न ऐकलेलीच गाणी यावीत असं ठरलं होतं, पण चुकीने थोडी ऐकलेली गाणीही घुसत होती. ती चूक दुरुस्त केली, आणि लोक यादी कमी ऐकू लागले! ओळखीचं गाणं दिसलं, की माणसाला अनोळखी गाण्याचा धीर येतो. मग थोडी जुनी गाणी मुद्दाम ठेवू लागले. हे वाचून मला हसूच आलं. नवी कविता शिकवण्याआधी वर्गाकडून एक पाठ असलेली म्हणून घेणं आम्ही शिक्षक कधीपासून करतो!

दुसऱ्या दिवशी हे सगळं वर्गात सांगितलं. "पण बाई, गायकाला पैसे मिळतात का?" सायलीने विचारलं. मिळतात. काही लोक दरमहा पैसे भरतात, बाकीच्यांना फुकट ऐकताना मध्ये जाहिराती लागतात, आणि या कमाईतला मोठा वाटा गाण्यांच्या मालकांकडे जातो. गायकापर्यंत त्यातलं किती पोचतं, यावरून मात्र भांडणं चालूच असतात. आणि नियम आहेत. गाणं निदान तीस सेकंद वाजलं तरच ते एकदा ऐकलं असं मोजतात. शिवाय २०२४ पासून, वर्षभरात हजार वेळाही न वाजलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला काहीच मिळत नाही. हा नियम मला काही पटलेला नाही. लहान कलाकारांनी करायचं काय?

सायलीचे आजोबा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. ती हिरमुसली. "मी आमच्या फोनवर रात्रभर लावून ठेवीन," एक जण म्हणाला. पण तसं चालत नाही, ऐकणारे वेगवेगळे लागतात. मग मुलांनी फळ्यावर गणित मांडलं. गावात घरं तीनशे. प्रत्येक घराने तीन वेळा ऐकलं तर नऊशे. शंभर कमी पडले!

"चार वेळा," गणेश म्हणाला, "आणि अर्ध्या मिनिटाच्या आत कुणी बंद करायचं नाही."