कारखान्यातील छळ ओळखायचा कसा?

हिंजवडी म्हटले की संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती डोळ्यांपुढे येतात. परंतु मुळशी तालुक्यातील या गावात त्या इमारतींच्या आसऱ्याने छपाई, वाहतूक, खानावळी अशी कामे करणारी माणसेही हजारोंनी राबतात. छपाई व्यवसायातील व्योमा ग्राफिक्स या कंपनीची कामगारांना घेऊन येणारी गाडी बुधवार, दि. १९ मार्च २०२५ रोजी सकाळी वारज्याहून हिंजवडीत आली आणि माहिती तंत्रज्ञान उद्यानाच्या टप्पा १ मध्ये पेटली. मागचे दार उघडले नाही. चार कामगार जळून मरण पावले, काही भाजले.

प्रथम सर्वांनी शॉर्टसर्किटचा अंदाज केला. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी सांगितले की, गाडी खुद्द चालकानेच पेटविली. त्यासाठी कंपनीतीलच ज्वालाग्राही रसायन वापरले. कारणे सांगितली गेली ती अशी : पगार कापला, दिवाळीचा बोनस दिला नाही, चालक असताना मजुराचे काम करावयास लावले, काही सहकाऱ्यांशी वाद होते. कंपनीच्या मालकांनी पगार थकल्याचा इन्कार केला. चालकाच्या घरच्यांना पोलिसांचे म्हणणे मान्य नव्हते. खरेखोटे न्यायालय ठरवील. पोलिसांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. ज्यांच्यावर चालकाचा राग होता, त्यांपैकी एकही मृतांत नव्हता.

चार निरपराध माणसांच्या मृत्यूला कोणतीही तक्रार सबब होऊ शकत नाही. हे स्वच्छ लिहूनच आम्ही पुढे जातो. परंतु व्यापारी बांधवांनी त्या कारणांची यादी पुन्हा एकदा वाचावी. पगारातील कपात, बोनस, भलतेच काम, सोबत्यांशी खटके. यांतील कोणती गोष्ट आपल्या पेढीवर, आपल्या कारखान्यात घडत नाही? घडते, आणि तिला कोणी छळ म्हणत नाही. कोणी शिस्त म्हणतो, कोणी थट्टा, कोणी म्हणतो आम्ही त्याला काम शिकवतो आहोत.

कापडाच्या धंद्यात आमची उमर गेली. यंत्रमागाचे शेड, शिवणकामाचे कारखाने, घाऊक बाजारातील दुकाने यांत आमचे रोजचे जाणे-येणे आहे. उस्ताद शागिर्दाला रागावतो, ते आम्ही छळ मानीत नाही. काज तिरके गेले, थानात खोट राहिली, तर बोलणी बसणारच. पण तीच चूक दहा जणांनी केली आणि बोलणी एकालाच बसली, तीही गिऱ्हाइकासमोर, तर ती बोलणी कापडासाठी नसतात. नवीन पोराला त्याच्या गावावरून, बोलीवरून, दिसण्यावरून एक नाव पडते. सगळे हसतात, तोही हसतो. मालकाला वाटते, पोरगा रमला. तो रमलेला आहे की नाही, हे जेवणाच्या सुट्टीत तो कुणाबरोबर बसतो यावरून कळते.

आमच्या पाहण्यातील एका शिवणकारखान्यात एक कसबी कारीगर होता. मुकादमाशी त्याचे बिनसले. त्यानंतर त्याला मशीनवरून उठवून धागे कापण्याच्या कामावर बसविले. पगार तोच ठेवला. मालक आम्हाला म्हणाला, पैसे तर पुरे देतो, मग तक्रार कशाची? तो कारीगर दोन महिन्यांत निघून गेला, आणि त्याच्यासारखा हात त्या मालकाला पुन्हा मिळाला नाही. ज्याच्या हातात हुन्नर आहे त्याला बिनहुन्नराचे काम मुद्दाम देणे, हा त्याच्या इज्जतीवर घाव आहे.

जपानने याचा कायदाच केला. हुद्द्याचा जोर वापरून, कामाच्या गरजेबाहेर जाऊन, दुसऱ्याला त्रास देणे याला तेथे छळ मानतात. मारहाण, अपमान, वाळीत टाकणे, न झेपणारे काम लादणे, कुवतीपेक्षा फारच हलके काम देणे आणि खासगी बाबतीत नाक खुपसणे असे सहा प्रकार तेथील सरकारने सांगितले. २०२० पासून मोठ्या कंपन्यांना आणि एप्रिल २०२२ पासून लहान उद्योगांनाही हा छळ रोखण्याची व्यवस्था करणे बंधनकारक झाले. वर सांगितलेला धागे कापणारा कारीगर या सहा प्रकारांत बरोबर पाचव्या जागी बसतो.

आपल्याकडे सर्वसाधारण छळासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे अंतर्गत समिती नेमावी लागते; त्याहून लहान ठिकाणच्या स्त्रिया जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकतात. शिवणकामाच्या कारखान्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत, पण समितीचे नाव विचारले तर बहुतेक मालक आमच्या तोंडाकडे पाहतात. याला नियत कारण नसेलही, पण माहिती नाही ही सबब कायदा ऐकत नाही.

छळाची सर्वांत जुनी वाट पगारातून जाते, आणि आमच्या धंद्याइतकी ती कोणाला ठाऊक नसेल. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर माणसे भरती करी, तोच त्यांना काढी, आणि कामावर राहायचे तर त्याचे हात ओले करावे लागत. कापड खराब निघाले तर मजुरी कापली जाई. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला, त्यात रविवारच्या सुट्टीबरोबर एक मागणी अशी होती की, पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत तरी मिळावा. एवढी साधी मागणी! १९३६ मध्ये पगार देण्याविषयीचा कायदा झाला.

आता त्या कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावयाचा आहे. माणूस काढला किंवा तो स्वतः सोडून गेला तर कामाच्या दोन दिवसांत त्याचा हिशेब चुकता करावयाचा. दंड करावयाचा तर आधी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते, दंड पगाराच्या ३ टक्क्यांवर जाऊ शकत नाही, आणि ती रक्कम मालकाच्या गल्ल्यात जात नाही, कामगारांच्या हितासाठीच खर्च करावी लागते. वीस किंवा अधिक कामगार असतील तेथे पात्र कामगारांना किमान ८.३३ टक्के बोनस आहे. दिवाळीला किंवा ईदला खुशीने दिलेली बक्षिसी निराळी.

मालक म्हणतील, आमचा दरवाजा सर्वांसाठी उघडा आहे. पण त्या दरवाजाबाहेर मुकादम बसलेला असतो, आणि तक्रार मुकादमाचीच असते. आमची सूचना साधी आहे. पगार मालकाने किंवा घरच्या माणसाने स्वतः द्यावा, एकेकाला आत बोलावून. त्या दोन मिनिटांत माणूस जे बोलतो ते वर्षभर बाहेर बोलत नाही. कपात केली असेल तर कारण त्याला चिठ्ठीवर लिहून द्यावे. कपात सोसवते, पण कारण न कळलेली कपात माणूस घरी नेऊन रात्रभर उगाळत बसतो.

ज्यांच्यावर बेतली आहे त्या कारीगर भावांना आम्ही सांगू की, हातघाईवर येऊ नका आणि एका दिवसात राजीनामाही फेकू नका. एक छोटी वही करा. तारीख, कोण काय बोलले, कोण हजर होते, किती कापले, एवढेच उर्दूत, मराठीत, जमेल त्या लिपीत लिहा. शेजारच्या मशीनवाल्याला विश्वासात घ्या. एकट्याची तक्रार थट्टेत उडते, दोघांची उडत नाही. मग मालकाला लेखी द्या आणि एक प्रत जपून ठेवा. मारहाण किंवा धमकी असेल तर थेट पोलिसांत जा. पगाराचा प्रश्न असेल तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात. नव्या संहितेप्रमाणे पगाराचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि पैसे दिले होते हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. तेव्हा मालक बांधवांनीही सही घेतल्याशिवाय रोखीने पगार वाटण्याची जुनी सवय या महिन्यापासूनच सोडावी.