रंगभूमीचा कंठ : एक मागोवा

मराठी रंगभूमीचा इतिहास आपण बहुधा नाटककारांच्या नावांनी मोजतो. भावे, किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, गडकरी, वरेरकर, अत्रे, कानेटकर, तेंडुलकर ही नामावली उच्चारली की कालखंड आपोआप पडत जातात, आणि ही वहिवाट ग्रंथकारांच्या सोयीची असल्यामुळे तिच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु ज्या मंडपात वा नाट्यगृहात हे नाटक घडले तेथे उजेड कशाचा होता, नटाचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत कशाच्या बळावर पोचत होता, प्रयोग किती वाजता आरंभून किती वाजता संपत होता आणि त्या वेळी तेथे कोणाला बसता येत होते, या प्रश्नांची उत्तरे क्रमाने मांडीत गेले असता त्याच एकशे ऐंशी वर्षांचा निराळा इतिहास दिसू लागतो. त्यातील मुख्य पात्र माझ्या मते मनुष्याचा कंठ हे आहे. एकामागून एक आलेल्या यंत्रांनी या कंठाचे श्रम हलके केले, आणि त्याबरोबरच तो ऐकण्यासाठी प्रेक्षकाला जे श्रम करावे लागत तेही हलके केले. या दुसऱ्या गोष्टीची नोंद आपल्या नाट्येतिहासाने फारशी घेतलेली नाही.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीस चिंतामणराव ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' सादर केले, तेव्हा पदे सूत्रधार गाई आणि पात्रे आपापली भाषणे बहुतांशी ऐन वेळी रचून बोलत. संहिता हा मुख्यतः सूत्रधाराच्या मुखातील ऐवज होता. नटाजवळ स्वतःची बुद्धी, पुराणांचा परिचय आणि खणखणीत गळा एवढेच भांडवल. पुढे १८५१ साली अप्पासाहेब निवर्तले, दरबारचा आश्रय संपला, आणि भाव्यांना आपली मंडळी घेऊन तिकिटे लावून खेळ करीत मुलूखभर फिरणे प्राप्त झाले. १८५३ साली ते मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात प्रयोग करते झाले, आणि त्याच वर्षी १६ एप्रिलला मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली. या दोन घटनांचा परस्पर कार्यकारणसंबंध नसला तरी त्यांचे एका सालात येणे मला अर्थपूर्ण वाटते. कारण राजाश्रयाच्या जागी तिकीटविक्री आली आणि बैलगाडीच्या जागी आगगाडी, या दोन बदलांवरच पुढील ऐंशी वर्षांची नाटक कंपनी उभी राहिली. पडदे, पेट्या, पोषाख, आचारी, सारंगिये, तबलजी आणि शिकाऊ मुले असे समग्र बिऱ्हाड एका गावाहून दुसऱ्या गावी नेण्याची सोय रेल्वेमुळे झाली नसती, तर संगीत नाटकाचा संसार एवढा पसरता ना.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चे पहिले अंक झाले. गाण्याचा अधिकार सूत्रधाराकडून पात्रांकडे आला आणि कंठाची खरी सत्ता सुरू झाली. भाऊराव कोल्हटकर, पुढे नारायणराव राजहंस म्हणजे बालगंधर्व, केशवराव भोसले यांच्या गायनाविषयी जुन्या पिढीने जे लिहून ठेवले आहे त्यातील भक्तिभाव वजा केला तरी एक गोष्ट उरते, की कोणत्याही ध्वनिवर्धकाविना हे गायन शेकडो माणसांपर्यंत पोचत असे आणि त्यासाठी ती माणसे तितकी निःशब्द बसत असत. पहाटेपर्यंत चालणाऱ्या प्रयोगात 'वन्स मोअर'चा आग्रह धरणारा प्रेक्षक वेळेचा धनी होता. दुसऱ्या दिवशीच्या कचेरीची घंटा अद्याप त्याच्या रात्रीत शिरलेली नव्हती. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेला बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचा संयुक्त 'मानापमान' हा त्या सत्तेचा परमोच्च क्षण होय. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच केशवराव गेले.

याच काळात पहिले यंत्र कंठाच्या अगदी जवळ येऊन पोचले होते. ग्रामोफोनच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. रंगमंचावर जे पद आलापांनी आणि पुनरावृत्तींनी विस्तारत जाई, ते तबकडीसाठी आखडून, कापून, एका नेमक्या आकारात बसवावे लागले. हे नुकसान होते यात शंका नाही. परंतु ज्या घरांतील स्त्रियांना नाट्यगृहात जाण्याची मुभा नव्हती, अथवा गेल्यास वेगळ्या बाजूस बसावे लागे, त्यांच्या माजघरापर्यंत बालगंधर्वांचा आवाज या तबकडीनेच नेला, आणि नाटकाचे पद नाटकावाचून जगू शकते हे प्रथमच सिद्ध झाले. तंत्र एका हाताने संकोच करते आणि दुसऱ्या हाताने दार उघडते, हा अनुभव पुढे पुनःपुन्हा आला. म्हणूनच यंत्राविषयी सरसकट निषेधाचा सूर लावणारांशी माझे जमत नाही.

बोलपटाने मात्र कंपन्यांच्या मुळावरच घाव घातला. मूकपटाशी नाटकाचे नाते सख्याचे होते. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगविता रंगविता स्वदेशी कॅमेरा घडविला आणि १९२० साली 'सैरंध्री' काढला. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर सरकारने १९१० साली बंदी घातली होती, ते कथानक अशा रीतीने पडद्यावर पुनः अवतरले. पण १९३१ मध्ये 'आलम आरा' आणि १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' बोलू-गाऊ लागल्यावर नाटकाचा जो एकमेव मक्ता होता, म्हणजे जिवंत शब्द आणि गाणे, तोच गेला. १९२३ च्या कायद्याने करमणुकीवर कर आधीच बसलेला होता; कंपन्यांचे खर्चवेच मोठे, कर्जे मोठी. जी नाट्यगृहे होती त्यांपैकी कित्येकांत चित्रपट दाखविले जाऊ लागले. बालगंधर्व स्वतः १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथांच्या भूमिकेत कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. हजारो रात्री ज्यांचा आवाज प्रेक्षागृहाला शोधीत गेला होता, त्यांच्या आवाजाला आता एका जागी टांगलेल्या यंत्रासाठी गावे लागले.

या पडझडीतच, १ जुलै १९३३ रोजी, 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले, आणि मला हा प्रयोग सबंध मागोव्यातील सर्वांत शहाणा प्रसंग वाटतो. श्री. वि. वर्तकांनी ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या आधारे लिहिलेल्या या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, पदांची संख्या मोजकी ठेवली, दिवाणखाना दिवाणखान्यासारखा दिसला आणि पात्रे घरात बोलावे तशी बोलली. येथे नव्या तंत्राचा स्वीकार झाला, परंतु तो प्रेक्षकाचे काम वाचविण्यासाठी झाला नाही. उलट नट हळू बोलू लागल्यामुळे प्रेक्षकाला अधिक बारकाईने ऐकावे लागले. विजेच्या दिव्यांनी रंगमंच प्रकाशित ठेवून प्रेक्षागृह काळोखात नेता येऊ लागले, आणि त्या काळोखात प्रेक्षक एकाग्र झाला. ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या सुविद्य गायिकेला प्रतिष्ठित घरातून रंगभूमीवर येता आले ही सामाजिक घटना आणि संवादाची पट्टी खाली आली ही कलेतील घटना, या दोहोंना मी वेगळे मानीत नाही. पुरुषाला स्त्रीपार्ट करताना जो सजविलेला, उंचावलेला स्वर लावावा लागे त्याची गरज संपली. म्हणून तो गेला.

स्वातंत्र्यानंतर राज्य नाट्यस्पर्धा १९५४ पासून सुरू झाल्या, साठच्या दशकात दादरचे शिवाजी मंदिर (१९६५), पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर (१९६८) अशी नाट्यगृहे उभी राहिली, आणि त्यांच्याबरोबर रंगमंचाच्या कडेला माइक आले. १९६२ साली अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'मध्ये फिरत्या रंगमंचाने न्यायालय आणि त्यातील साक्षींचे प्रसंग यांची झरझर अदलाबदल साधली आणि प्रभाकर पणशीकरांनी पाच रूपे धारण केली. यंत्र येथे नटाच्या चापल्याला पूरक ठरले आणि लोकांनी ते डोक्यावर घेतले. माइकचे तसे झाले नाही. त्याने मोठ्या सभागृहात मागच्या रांगेतील गरीब प्रेक्षकाला पुढच्या रांगेतील धनिकाइतकेच ऐकू येऊ दिले, हे त्याचे मोठे पुण्य. परंतु त्याच्या भरवशावर श्वासाचे शिक्षण सैल झाले, नाट्यगृहे बांधताना ध्वनीच्या शास्त्राकडे दुर्लक्ष करण्याची सवड मिळाली, आणि नटाचा आवाज नटाच्या मुखातून न येता भिंतीवरील कर्ण्यातून येऊ लागला. डोळे एकीकडे आणि कान दुसरीकडे, ही स्थिती आपण इतकी अंगवळणी पाडून घेतली की तिच्यात काही गमावले आहे हे सांगावे लागते. या प्रवासाचे टोक म्हणजे ऐंशीच्या दशकात बाबासाहेब पुरंदऱ्यांनी उभारलेला 'जाणता राजा'. हत्ती, घोडे, बहुमजली रंगमंच आणि शेकडो कलावंत यांच्या त्या महानाट्यात सर्व भाषणे आणि गीते आधीच ध्वनिमुद्रित केलेली असतात व पात्रे त्यांबरहुकूम ओठ हलवितात. उघड्या मैदानात हजारोंच्या समुदायासमोर शिवचरित्र मांडण्याची ती योग्य तजवीज होती आणि तिने लोकांना भारावून टाकले हे मी मानतो. मात्र जेथे नटाला त्या रात्री नवीन काही बोलता येत नाही तेथे नाटक उरते का, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो.

याच्या उलट दिशेने चाललेली माणसे त्याच काळात होती. १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात झालेल्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये माणसांचीच भिंत पडद्याचे काम करीत होती. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने जे प्रयोग घडविले त्यांत प्रेक्षक आणि नट यांच्यात हातभराचे अंतर होते, आणि कुजबुजही ऐकू जाई. लालबाग-परळच्या गिरणगावात कामगार पाळी संपवून तालमीस येत आणि स्वतःचे नाटक उभे करीत. १९८२ च्या संपाने गिरण्यांचे भोंगे थांबविले तेव्हा त्या रंगभूमीचा प्रेक्षक आणि नट एकदमच उखडला गेला. जयंत पवारांच्या 'अधांतर'ने तो उत्पात नाटकात आणला, पण तो वर्ग नाट्यगृहात परत आणणे कोणा एका नाटकाच्या आवाक्यातले नव्हते.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनने नाटकवाल्यांना प्रथम मानाने वागविले. १९९९ पासून आलेल्या खासगी मराठी वाहिन्यांच्या दैनंदिन मालिकांनी मात्र नटाचा सबंध आठवडा विकत घेतला. व्यावसायिक नाटक शनिवार-रविवारवर येऊन ठेपले, तालमी चित्रीकरणाच्या वेळापत्रकाशी तडजोड करू लागल्या, आणि 'नाईट'वर, म्हणजे प्रयोगागणिक मानधनावर, काम करणाऱ्या नटाचे नाव नाटकाच्या जाहिरातीत मालिकेतल्या पात्रामुळे मोठे छापले जाऊ लागले. अंकांची संख्या पाचांवरून तीन आणि तीनांवरून दोन झाली, शेवटच्या लोकलची वेळ हीच भरतवाक्याची वेळ ठरली.

मुंबई-पुण्याबाहेर दृष्टी टाकली की हे चित्र एवढे एकमार्गी राहत नाही. पूर्व विदर्भात, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या मुलुखात, देसाईगंज वडसा येथील कंपन्या दिवाळीनंतर होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटके करतात. ही झाडीपट्टीची नाटके शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, निमित्ताने होत. २०१४ साली या शर्यतींवर न्यायालयीन बंदी आली तरी नाटक टिकले, कारण त्या रात्री सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, पाहुणे जमतात, सोयरिकी जुळतात. २०२३ साली या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली हा उशिरा दिलेला न्याय होय. तळकोकणात आणि गोव्याच्या सीमेवर दशावतारी कंपन्यांच्या फलकांवर हल्ली 'ट्रिकसीन' असा शब्द ठळकपणे झळकतो. रंगीत दिवे, धूर, अचानक प्रकटणारे देव यांचा त्यांनी मनमुराद स्वीकार केला आहे. पण भाषण आजही नट ऐन वेळी रचतो, भाव्यांच्या पात्रांनी रचले तसे. शहरातील विद्वानांना हे दिव्यांचे अवडंबर सवंग वाटते. मला त्यात आत्मविश्वास दिसतो: ज्याचा शब्द स्वतःचा आहे त्याला यंत्राची भीती नसते.

मार्च २०२० मध्ये नाट्यगृहांना कुलपे लागली. त्या वर्षी हृषीकेश जोशी यांनी 'नेटक' या नावाने 'मोगरा' हे नाटक कलावंतांनी आपापल्या घरांतून, त्याच क्षणी, दूरच्या प्रेक्षकांसमोर करावे असा प्रयोग केला. नाट्यगृहाचा तो पर्याय नव्हे, परंतु ध्वनिमुद्रण न दाखविता जिवंत प्रयोगच करायचा हा त्यातला हट्ट मोलाचा होता, आणि परदेशस्थ मराठी माणसाला तो त्याच घटकेस पाहता आला. २२ ऑक्टोबर २०२१ रोजी नाट्यगृहे पुनः उघडली तेव्हा परतलेला प्रेक्षक हातात दूरध्वनी घेऊन परतला. पूर्वी खिडकीवर प्लॅन उघडला जाई आणि बुकिंगवाला पेन्सिलीने खुर्च्या मारीत असे. आता ते काम त्याच दूरध्वनीवर होते, हे उत्तम. पण प्रयोग चालू असता तो वाजतो, उजळतो, आणि एका प्रेक्षकाच्या हातातील उजेड दहा जणांचा काळोख मोडतो. १९३३ साली विजेने जे दिले होते तेच आज दुसऱ्या विजेने काढून घेतले जात आहे, आणि नटाने प्रयोग थांबवून विनवणी करणे हा त्यावरचा उपाय म्हणून आपण पत्करला आहे ही लज्जेची गोष्ट होय. रंगमंचावर कपड्यांत दडविलेले बिनतारी माइक आले आहेत. तरीही प्राजक्त देशमुखांच्या 'संगीत देवबाभळी'सारख्या नाटकात दोन स्त्रिया रंगमंचावर स्वतः गायल्या आणि तरुण प्रेक्षकांनी श्वास रोखून ऐकले. ऐकण्याची शक्ती नष्ट झालेली नाही, तिला काम दिले जात नाही एवढेच.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्म झाले. शाहू महाराजांनी १९१५ साली 'पॅलेस थिएटर' म्हणून बांधलेली ही वास्तू ध्वनिवर्धकाविना गाणाऱ्या आणि बोलणाऱ्या माणसांसाठी रचलेली होती. तिच्या पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले आहे. आधुनिक दिवे, वातानुकूलन, उत्कृष्ट ध्वनियंत्रणा हे सर्व तेथे अवश्य यावे. परंतु वास्तू ताब्यात घेण्यापूर्वी ध्वनियंत्रणा बंद ठेवून तेथे एक नांदी म्हणवावी, ती शेवटच्या रांगेत आणि सज्जात अक्षरशः ऐकू येते की नाही याची नाटकवाल्यांच्या समक्ष तपासणी व्हावी, आणि ही अट आजच कंत्राटाच्या कागदावर लिहून घ्यावी.