जुन्या लिफाफ्यांचे मोल

१८४९ साली सोन्यासाठी कॅलिफोर्नियात माणसांची झुंबड उडाली. दूरच्या खाणवस्त्यांत सरकारी टपाल पोहोचेना, तेव्हा खासगी एक्स्प्रेस कंपन्या पत्रे नेऊ लागल्या. १८५२ मध्ये स्थापन झालेली वेल्स फार्गो त्यांत आघाडीवर होती. सरकारी तिकीट छापलेल्या लिफाफ्यावर कंपनी आपला छाप उठवी. गिऱ्हाईक सरकारी दर भरून वर कंपनीचे पैसे देई, कारण पत्र पोहोचण्याची खात्री हवी असे. हा छाप आणि गावाचा शिक्का यांसाठीच आज संग्राहक हे लिफाफे घेतात. तिकीट कापले की पुरावा गेला. नकली शिक्केही असतात, म्हणून तज्ज्ञाच्या दाखल्याशिवाय मोठी रक्कम गुंतवू नये, असे आम्ही व्यापारी बंधूंना सुचवतो.