उशाशी कोण बसणार?

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन गावे आहेत. एकाला बाजाराने नाव दिले, दुसऱ्याला रेल्वेने. चांदूर रेल्वे हे तालुक्याचे गाव मुंबई-नागपूर लोहमार्गावर, बडनेरा आणि धामणगाव यांच्या दरम्यान वसलेले आहे. जिल्ह्याचे ठाणे अमरावती मात्र या हमरस्त्यावर नाही. तिकडे जायला बडनेऱ्याहून फाटा धरावा लागतो. ही लोखंडी वाट १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोचली आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईला जाऊ लागला. पुढे त्याच वाटेने मुलेही जाऊ लागली. आधी शिकायला, मग नोकरीला, आणि शेवटी कायमची.

त्यात मुलांचा दोष नाही. आईबापांनीच पोटाला चिमटा घेऊन त्यांना धाडले. आता मुलगा पुण्यात, सून नोकरीत, लेक बंगळुरात, आणि चांदुरातल्या घरात दोन म्हातारी माणसे. पैशाची ददात नाही. महिन्याच्या महिन्याला रक्कम येते. परंतु वडील न्हाणीघरात घसरले, कमरेचे हाड मोडले, की सारे गणित चुकते. आठ दिवस मुलगा रजा काढतो, पंधरा दिवस लेक येऊन राहते. मग शेजारची बाई सहज म्हणून विचारते, “आता बुवाले कोन पाहीन जी?” या एका प्रश्नापुढे भलेभले निरुत्तर होतात.

आजवर या प्रश्नाचे उत्तर ठरलेले होते. ते म्हणजे घरातली सून. तिला कोणी विचारले नाही, शिकवले नाही, आणि तिच्या कष्टांची किंमतही कोणी केली नाही. ती आता कचेरीत जाते, आणि तिने जावे हेच योग्य. तेव्हा तिची जागा कोणी तरी शिकलेल्या, पगारी आणि मानाने वागवलेल्या माणसाने घ्यायला हवी. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेली सुमारे साडेदहा कोटी माणसे देशात मोजली गेली. महाराष्ट्रात तर शंभरातले जवळजवळ दहाजण त्या वयाचे निघाले. एवढ्यांच्या उशाशी बसायचे म्हणजे तो एक मोठा व्यवसायच झाला.

वऱ्हाडने घालून दिलेला धडा

‘सेवा हा काय व्यवसाय आहे? ते तर पुण्यकर्म!’ असे कोणी म्हणतील. त्यांनी जरा अमरावतीकडे पाहावे. होमिओपॅथीची प्रॅक्टिस करणारे आणि स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले डॉ. शिवाजीराव तथा दाजीसाहेब पटवर्धन यांनी १९४६ मध्ये शहरालगत कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभे केले. त्या काळी ज्याला घराने आणि गावाने टाकले अशा माणसाला दोन घास घालणे हीच परमावधी समजली जाई. दाजीसाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. रोग्याला औषध दिले, त्याबरोबर काम दिले. शेती, हातमाग, सुतारकाम अशी कामे तेथे उभी राहिली. ज्याची बोटे झडली होती त्याच्याही हातून जग काही विकत घेऊ लागले. १९५९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९८६ मध्ये ते निवर्तले. संस्था मात्र राहिली.

या साऱ्यात नुसत्या दयाळूपणाहून अधिक काही होते. हिशेब होता, शिस्त होती, कामाची वाटणी होती. एरवी दया चार दिवस टिकते. हिशेब आणि शिस्त असली तर संस्था चाळीस वर्षे टिकते. शिवाय अशा संस्थांना पुढे एक निराळाच अनुभव आला. औषधे सुधारली, रोग बरा होऊ लागला. पण बऱ्या झालेल्या पुष्कळांना घराने परत घेतले नाही. ते तिथेच म्हातारे झाले. रोगाचे औषध सापडले तरी म्हातारपणाला सोबत लागतेच, हे कुष्ठधामांनी वृद्धाश्रमांच्या आधी ओळखले.

दुसरे नाव शंकरबाबा पापळकरांचे. गाडगे महाराजांना गुरुस्थानी मानणारे हे गृहस्थ. याच जिल्ह्यात वझ्झर येथे त्यांनी टाकून दिलेल्या मतिमंद, मूकबधिर, अंध अशा मुलांचे घर चालवले, आणि अनेकांना बापाच्या जागी स्वतःचे नाव लावले. २०२४ मध्ये त्यांनाही पद्मश्री जाहीर झाली. परंतु त्याहून मोठा त्यांचा प्रश्न आहे. बालगृहातल्या मुलाने अठराव्या वर्षी बाहेर पडायचे, असा नियम. ज्याला स्वतःचा घासही घेता येत नाही, तो अठरा वर्षांचा झाला म्हणून कुठे जाणार? अशांना जन्मभर त्याच घरात राहू द्या, ही मागणी त्यांनी सतत लावून धरली. सेवेच्या क्षेत्रातला पुढारी तो हाच. वाढप्याचे काम तो करतोच, आणि वाढायचे कोठवर, हा प्रश्न सरकारच्या दारात नेऊन ठेवतो.

या कामाला शिक्षण लागते

लोक समजतात, म्हाताऱ्याजवळ बसायला काय लागते? वाचकहो, पुष्कळ लागते! अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दोन-दोन तासांनी बदलावी लागते. नाही तर पाठीला शय्याव्रण होतात, आणि ते एकदा चिघळले की जिवावर बेततात. गिळायला त्रास होत असेल तर निजवून पेज पाजायची नाही. उठवून बसवायचे, सावकाश भरवायचे, आणि जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे होऊ द्यायचे नाही. ज्याची स्मृती गेली आहे तो तिन्हीसांजेला ‘मला घरी न्या’ म्हणून हट्ट धरतो. त्याच्याशी वाद घालायचा नसतो. हात धरून अंगणात एक फेरी मारून आणायची असते. हे सारे शिकावे लागते.

शिकायची सोयही आहे. दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींना सहायकाचे, घरी जाऊन शुश्रूषा करण्याचे छोटे कौशल्य-अभ्यासक्रम आहेत. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि जीएनएमचा तीन वर्षांचा. व्यायामोपचार, आहारशास्त्र, समाजकार्य अशा आणखी वाटा आहेत. वृद्धांच्या वैद्यकाची एम.डी. ही पदवी मद्रासला १९९६ मध्येच सुरू झाली. जपानने तर १९८७ मध्ये कायदा करून शुश्रूषा करणाऱ्याला राष्ट्रीय परीक्षेची पात्रता दिली आणि २००० मध्ये म्हातारपणाच्या सेवेचा सक्तीचा विमा सुरू केला; चाळिशीपासून प्रत्येकाने वर्गणी भरायची. त्या देशाला आज बाहेरून माणसे बोलवावी लागतात.

आपल्याकडे अडते कुठे? चांगल्या घरातल्या मुलीने हे शिक्षण घ्यायचे म्हटले की आजी कपाळाला हात लावते, “लोकायची घाण काढाले पोरगी शिकवली काय?” हीच आजी उद्या अंथरुणावर पडली म्हणजे अशाच एखाद्या मुलीची वाट पाहणार आहे. ज्या कामाची आपल्याला गरज आहे त्या कामाला आपण घरात हलके म्हणतो, पगार देताना घासाघीस करतो, आणि मग ‘चांगली माणसे मिळत नाहीत’ म्हणून गळा काढतो. हे कसे चालावे?

कारभारी कसा ओळखावा?

वृद्धाश्रम म्हटला की अजूनही लाज वाटते. वास्तविक पुण्यातील ‘निवारा’, म्हणजे जुने डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह, दीडशेहून अधिक वर्षांचे आहे. ही कल्पना काही काल-परवाची नव्हे. लाज घरी ठेवावी आणि जागा नीट पारखून घ्यावी. इमारत, बाग, देऊळ ही शोभा झाली. सांभाळणारा कारभारी कसा आहे ते खालील गोष्टींवरून कळते.

रात्री किती माणसे जागी असतात, हे पहिले विचारावे. दिवसा सगळेच हसतमुख असतात. संस्थेची परीक्षा रात्री दोन वाजता होते. पाळी बदलताना आजींनी किती खाल्ले, औषध कोणते दिले, याची नोंद वहीत होते की नुसती तोंडी? ती वही दाखवायला कारभारी कचरतो काय? सेवक वर्षानुवर्षे टिकतात की दर महिन्याला नवे? जो कारभारी सेवकांना वेळेवर पगार, सुट्टी आणि दोन गोड शब्द देतो, त्याचे सेवक रहिवाशांशीही गोड बोलतात. आणि शेवटचे, पण फार महत्त्वाचे. तो म्हाताऱ्यांना एखादे काम देतो काय? भाजी निवडणे, वर्तमानपत्र वाचून दाखवणे, तुळशीला पाणी घालणे. दाजीसाहेबांनी हेच केले होते.

कायद्याचाही आधार आहे. २००७ च्या कायद्याने आईवडिलांना न्यायाधिकरणाकडे जाऊन मुलांकडून महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो, आणि प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद त्यात सांगितली आहे. १४५६७ हा मदतीचा क्रमांकही आहे. परंतु कायदा पैसे देववील. रात्री कूस बदलायला हात लागतो माणसाचाच.

तो हात दूर शोधायला नको. पुण्यामुंबईची घरे सांभाळायला वऱ्हाडातून मुली-मुले जातातच. त्यांतल्या काहींनी शिकून आपल्याच तालुक्यात राहावे, चार-पाचजणांनी मिळून घरोघर सेवा द्यावी, पुढे एखादे लहानसे घर चालवावे. आणि दूरच्या मुलांनी त्यांना योग्य मोबदला आनंदाने द्यावा. मग गाडीने मुले गेली तरी गाव पोरके होणार नाही.

यंदा दिवाळीला आपण गावी जाल. फराळ होईल, भाऊबीज होईल. त्या चार दिवसांत एक संध्याकाळ आईवडिलांजवळ बसा आणि त्यांनाच विचारा, ‘पुढे तुम्हांला कुठे आणि कसे राहायला आवडेल?’ विषय अवघड आहे. पण तो दिव्याच्या उजेडात, सारे धडधाकट असताना निघालेला बरा.