जबडा आखडलाय? आधी तीन बोटे तोंडात घालून पाहा

रात्री उशिरापर्यंत अभ्यासिकेत बसणारी मुले आणि सभा-मोर्चांच्या धावपळीत असणारे कार्यकर्ते यांची एक तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. सकाळी उठल्यावर जबडा जड होतो, कानाजवळ ठणकते, भाकरी चावताना कट्ट असा आवाज येतो. बहुतेकजण अक्कलदाढेवर खापर फोडतात आणि वेदनाशामक गोळी घेऊन मोकळे होतात.

पुष्कळदा हे दुखणे दाताचे नसून स्नायूंचे असते. चावण्याचा एक स्नायू गालाच्या हाडापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत येतो, दुसरा कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला असतो. गालावर हात ठेवून दात आवळा, हाताखाली गाठ टणक झालेली कळेल. परीक्षेचा ताण, राग, अपुरी झोप यांत आपण तासन्‌तास नकळत असे दात आवळून बसतो. काहीजण तर झोपेतही दात खातात. खरे तर दातांनी एकमेकांना टेकायचे ते घास चावताना आणि गिळताना. एरवी ओठ मिटलेले आणि दात सुटे हवेत.

महासच्चक सुत्तात स्वतः भगवान बुद्ध याबद्दल सांगतात. संबोधीपूर्वी त्यांनी दातावर दात दाबून, जीभ टाळूला लावून मनाला जोराने नमवण्याचा प्रयत्न केला. काखेतून घाम वाहू लागला, पण शरीर शांत झाले नाही. (वितक्कसंठाण सुत्तातही हा उपाय आहे, पण पाच उपायांतला अगदी शेवटचा.) आपल्याकडे ध्यानाला बसणारे कितीतरी उपासक मात्र पहिल्या मिनिटापासून जबडा आवळूनच बसतात! आनापानसती सुरू करताना एकदा जबडा तपासावा, एवढेच आमचे म्हणणे.

मसाज घरी करता येतो. आधी कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने दहा मिनिटे शेकावे. मग तोंड किंचित उघडे ठेवून, दात सुटे ठेवून, दोन-तीन बोटांनी गालाच्या हाडाखालून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत हळूहळू गोल फिरवत यावे. जिथे दुखरी गाठ लागेल तिथे पाच-दहा सेकंद बेताचा दाब देऊन थांबावे. तसेच कानशिलावर करावे. दिवसातून दोनदा, प्रत्येक बाजूला दोन-तीन मिनिटे पुरेत. जोर लावू नये. दुसऱ्या दिवशी जास्त दुखले तर दाब जास्त झाला असे समजावे. कडक पदार्थ, च्युइंगगम आणि मोठी जांभई काही दिवस टाळावी. मसाजाने आराम पडतो, पण दिवसभर दात आवळण्याची सवय तशीच राहिली तर दुखणे परत येते.

आता तीन बोटांविषयी. तर्जनी, मधले बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून स्वतःच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. बोटे जात नसतील आणि तुम्ही खर्रा, मावा, गुटखा किंवा नुसती सुपारी खात असाल, तर मसाज करत बसू नका. सुपारीमुळे गालाच्या आतले अस्तर पांढरट आणि ताठ होते, तिखट लागताच आग होते, तोंड महिन्या-महिन्याने मिटत जाते. हा आजार पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो. ‘आमच्यात तंबाखू नाही’ हे समर्थन कामाचे नाही, सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, पण खर्रा आपल्या वस्त्यांच्या नाक्यावर घोटून मिळतो आणि जयंतीच्या मिरवणुकीत पोरांच्या खिशातही असतो. पाचव्या शीलात खर्रा येतो की नाही यावर विहारात चर्चा होतात. आमच्या मते येतो. पण ज्यांना ते पटत नाही त्यांनीही तोंड तपासून घ्यावे.

जबडा एकाएकी उघडा किंवा बंद अडकला, गालावर सूज आणि ताप आला, जखमेनंतर दातखीळ बसू लागली, तर लगेच दवाखाना गाठावा. छातीतल्या दडपणासोबत किंवा चालताना जबडा दुखला तर ते हृदयाचे लक्षण असू शकते, तिथे एक मिनिटही थांबू नये. बाकी तपासणीसाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये व रुग्णालये आहेत. केसपेपर काढताना ‘तोंड कमी उघडते’ आणि सुपारी किती वर्षे खाता, हे स्पष्ट सांगा.