बेळगाव ते कोल्हापूर एवढी चकती, त्यात पाच मिलिमीटरचं भोक

बेळगावच्या उद्यमबागेतल्या मशीनशॉपमध्ये मायक्रॉन हा परका शब्द नाही. कडोली, कंग्राळी, काकतीहून दुचाकीवर येणारी पोरं तिथे हायड्रॉलिकचे स्पूल, क्रँकशाफ्ट ग्राइंड करतात. ड्रॉइंगवर १० मायक्रॉनचा टॉलरन्स असेल आणि माल १२ वर गेला, तर तो रिजेक्ट. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. आता त्या एका मायक्रॉनचेही हजार भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. सिलिकॉनच्या चिपवर ५ नॅनोमीटर व्यासाचं भोक पाडून त्यातून डीएनएचा धागा ओवणं, हे काम आता जगातल्या अनेक प्रयोगशाळांत चालतं. सिलिकॉनच्या स्फटिकातलं एक घर ०.५४ नॅनोमीटरचं असतं. ५ नॅनोमीटरमध्ये अशी जेमतेम नऊ घरं मावतात.

आकडा डोळ्यांसमोर यावा म्हणून सगळंच दहा लाख पटींनी वाढवू. १०० मिलिमीटर व्यासाची सिलिकॉनची चकती, म्हणजे वेफर, आता १०० किलोमीटरची होईल. तिची एक कड बेळगावला, दुसरी कोल्हापूरला. कडोली आणि निपाणी दोन्ही तिच्यावर. चकतीची जाडी अर्धा किलोमीटर. एवढ्या सपाटीवर आपलं भोक मात्र ५ मिलिमीटरचं. डीएनएचा धागा २ मिलिमीटर जाड आणि त्यावरचं प्रत्येक अक्षर पुढच्यापासून ०.३४ मिलिमीटरवर. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३२० कोटी अक्षरं आहेत. म्हणजे हा धागा जवळपास १,०९० किलोमीटर लांब भरेल. कडोलीहून रस्त्याने मुंबई गाठून परत आलात तरी थोडा उरेलच.

असं भोक पाडतात कसं? ड्रिल बिट इथे कामाचा नाही, रसायन कामाचं. वेफरवर २० नॅनोमीटर जाडीचा सिलिकॉन नायट्राइडचा थर चढवतात. मग मागच्या बाजूने पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गरम द्रावणाने सिलिकॉन खात नेतात. ८० अंश सेल्सिअसला हे द्रावण मिनिटाला साधारण एक मायक्रॉन खातं. अर्ध्या मिलिमीटरला आठेक तास लागतात. स्फटिकाच्या रचनेमुळे खड्ड्याच्या भिंती नेमक्या ५४.७ अंशांत तिरक्या उतरतात. म्हणून वर ५० मायक्रॉनची खिडकी हवी असेल, तर खालचं तोंड सुमारे ७५० मायक्रॉनचं ठेवावं लागतं. आपल्या वाढवलेल्या नकाशात हा अर्धा किलोमीटर खोल खड्डा आहे, आणि त्याचं ५० मीटर रुंदीचं छप्पर फक्त २ सेंटिमीटर जाड. भोक पाडायचं ते या छपरात.

२००१ मध्ये हार्वर्डमधल्या गटाने आयनांचा झोत वापरून अशी छिद्रं घडवली. २००३ मध्ये हॉलंडच्या डेल्फ्टमधल्या गटाने दाखवलं, की इलेक्ट्रॉनांच्या झोताखाली छोटं छिद्र आपोआप आवळत जातं. हवा तो आकार आला की झोत बंद करायचा. २०१४ मध्ये कॅनडातल्या ओटावाच्या संशोधकांनी तर झोतही काढून टाकला. नायट्राइडच्या या पातळ पडद्याच्या दोन्ही बाजूंना खारं पाणी ठेवलं आणि विजेचा दाब दिला, की पडदा एका ठिकाणी स्वतःच फुटतो. भोक पाडणं दिवसेंदिवस स्वस्त होत चाललंय.

त्यातून डीएनए वाचायची युक्तीही जुनीच आहे. अमेरिकेच्या वॉलेस कोल्टर यांना १९५३ मध्ये पेटंट मिळालं ते याचसाठी: मिठाच्या पाण्यात एक बारीक भोक, त्यातून वीज वाहती, रक्तपेशी भोकातून गेली की वीज क्षणभर कमी होते. प्रत्येक घसरण म्हणजे एक पेशी. बेळगावच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सीबीसी करून घेताना आपल्या एका घन मिलिमीटर रक्तातल्या पन्नासेक लाख तांबड्या पेशींचा हिशेब लागतो, तो बऱ्याच यंत्रांत याच तत्त्वावर. कोल्टरचं भोक १०० मायक्रॉनच्या आसपासचं. आपलं त्याहून वीस हजार पट अरुंद.

मात्र भोकापर्यंत थेंब पोचवायची वाटही तेवढीच बारीक लागते. चिपवर कोरलेल्या या वाटा म्हणजे मायक्रोफ्लुइडिक्स. १०० मायक्रॉन बाजूच्या घनात एक नॅनोलिटर मावतं, १० मायक्रॉनच्या घनात एक पिकोलिटर. इथे पाणी ओळखू येणार नाही इतकं वेगळं वागतं. प्रवाह किती खळाळता आहे ते सांगणारा रेनॉल्ड्स अंक दोन मीटर खोल, सेकंदाला मीटरभर वाहणाऱ्या मार्कंडेय नदीत वीस लाखांच्या घरात जाईल. १०० मायक्रॉनच्या नळीत, सेकंदाला मिलिमीटरभर वेगाने, तो ०.१ असतो. भोवरे नाहीत, खळखळ नाही. दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहतात आणि मिसळतात ते फक्त रेणूंच्या भटकण्याने. लहान रेणूला १०० मायक्रॉन ओलांडायला साधारण १० सेकंद लागतात, एक सेंटिमीटरला मात्र २८ तास. अंतर शंभर पट, वेळ दहा हजार पट. तपासणी चिपवर आणली की ती झटपट होते, त्यामागे हा वर्गाचा हिशेब आहे.

खरी अडचण पुढे आहे. ५ नॅनोमीटर रुंद आणि २० नॅनोमीटर खोल छिद्रात कुठल्याही क्षणी पाण्याचे १३ हजारच रेणू असतात, आणि मोलर क्षाराच्या द्रावणात पोटॅशियमचे अडीचशेही आयन नाहीत. त्यातून सुमारे एक नॅनोअँपिअर वीज वाहते, म्हणजे सेकंदाला सहाशे कोटींहून जास्त आयन. ऐकायला भरपूर वाटतात. पण विजेच्या ओढीने डीएनए इतका सुसाट जातो, की एका अक्षराच्या वाट्याला ३० नॅनोसेकंद येतात. तेवढ्यात जेमतेम १९० आयन सरकतात, आणि त्यांच्या संख्येत १४ चा चढउतार तर निव्वळ योगायोगाने होतो. शिवाय २० नॅनोमीटरच्या पडद्यात एकाच वेळी ५९ अक्षरं अडकलेली. कुठलं वाचायचं?

वाढवलेल्या नकाशात हा धागा सेकंदाला ११ किलोमीटरने धावतो. पृथ्वीची ओढ तोडायला यानाला लागतो जवळपास तेवढाच वेग. ३२० कोटी अक्षरं ९६ सेकंदांत निघून जातील, वाचता एकही येणार नाही.

ऑक्सफर्ड नॅनोपोअर कंपनीने जीवसृष्टीकडून मदत घेतली. तिच्या चिपवरचं छिद्र प्रथिनाचं असतं आणि एक एन्झाइम धाग्याला धरून सेकंदाला सुमारे ४०० अक्षरं पुढे सोडतं. आता अक्षरामागे लाखो आयन मोजता येतात. पण एकच छिद्र असेल तर पूर्ण जनुकसंचाला ९३ दिवस लागतील. म्हणून तळहातावर मावणाऱ्या मिनआयन यंत्रात ५१२ वाहिन्या एकदम चालतात, आणि ९३ दिवसांचे, निदान कागदावर, सुमारे साडेचार तास होतात.

९६ सेकंद आणि ९३ दिवस, या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत सिलिकॉनच्या नॅनोपोअरचं, म्हणजे आपल्या या भोकाचं, भवितव्य आहे. पडदा पातळ करायचा, धागा हळू करायचा. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत मनोज वर्मा यांचा गट नॅनोपोअरवर काम करतो. तिथल्या आणि आयआयटी मुंबईच्या क्लीनरूम २००८ पासून ‘आयएनयूपी’ या कार्यक्रमातून देशभरातल्या बाहेरच्या संशोधकांनाही खुल्या आहेत. क्लास १०० क्लीनरूममध्ये घनफूट हवेत अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे जास्तीत जास्त १०० कण चालतात. साध्या खोलीत ते लाखांनी असतात. बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून तिथे प्रकल्प न्यायला वाट मोकळी आहे. आणि टॉलरन्स पाळायची सवय ज्या गावांच्या हातात पिढ्यांपासून आहे, त्यांच्या मुलांना हे काम अवघड वाटेल, पण अनोळखी वाटायचं कारण नाही.